पाठ मोठीची, पोट धाकटीचं

आमच्या धाकट्या भावजींनी साठी उलटल्यावर लग्न केलं, त्या वर्षाची ही गोष्ट. ते वर्ष आमच्या घरात कुणी विसरत नाही, त्यामुळे सन-तारीख सांगत बसत नाही. भावजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. शेजारच्या गाळ्यात चष्मे विकणारी बाई. दोघांच्या मध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीला पाठ टेकून दोघंही अर्धं आयुष्य दुपारचा चहा पीत आलेली, ते अलीकडे, ती पलीकडे. एक दिवस भावजी मला म्हणाले, "वहिनी, भिंत पाडायची म्हणतोय."

मी म्हटलं, "पाडा की. दुकान मोठं होईल."

"दुकानासाठी नाही हो," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. असं ते लग्न जमलं.

आता आमच्या घरचा नियम असा, की नवं माणूस आलं की त्याला स्वेटर. मग ते जन्माला आलेलं असो नाहीतर लग्न करून आलेलं असो. आणि जुन्या माणसांनाही पाळीपाळीने. स्वेटर करायचे मोठीने आणि मी. मोठी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी धाकटी. भावजींची बायको आली तेव्हा खरं तर धाकटी ती झाली, पण या वयात माझं नाव कोण बदलणार? तिला सगळे नवी म्हणायला लागले.

दोघींनी मिळून एक स्वेटर करायचा, ही युक्ती सासूबाईंची. मी लग्न होऊन आले तेव्हा मोठी आधीच विणत होती, आणि मीही माहेरून सुया घेऊनच आले होते. एका म्यानात दोन तलवारी. पहिल्याच हिवाळ्यात सासऱ्यांचा स्वेटर कोण करणार यावरून आमचा अबोला झाला. इतका, की मीठ हवं असलं तरी सासूबाईंमार्फत मागायचं. शेवटी त्यांनी लोकरीची पिशवी आमच्या दोघींच्या मधोमध आपटली आणि म्हणाल्या, "मोठीने पाठ करायची, धाकटीने पोट. उजवी बाही तिची, डावी हिची. आणि पुन्हा तोंडं वाकडी दिसली तर सुया चुलीत."

तेव्हापासून तसंच. पाठ मोठीची, पोट माझं.

अडचण एवढीच होती की मोठीचा हात घट्ट आणि माझा सैल. मोठी सिनेमाच्या थिएटरात तिकीटखिडकीवर होती. खेळ सुरू झाला की सुटेपर्यंत तिला काम नसे, तेव्हा ती काउंटरखाली विणायची. मालकाला दिसू नये म्हणून कोपरं अंगाला चिकटवून, सुया पोटाशी धरून. अशा विणण्यात टाका सैल पडेलच कसा? माझं उलट. मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात. दिवसभर ओल्या चादरी पिळायच्या. घरी आल्यावर हाताला पुन्हा काही आवळायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. माझे टाके आपले पाय पसरून बसल्यासारखे.

त्यामुळे आमचा प्रत्येक स्वेटर मागून आखूड आणि तंग, पुढून लांब आणि ऐसपैस. उजवी बाही मनगटाच्या वर थांबायची, डावीत बोटं बुडायची. गळा एका खांद्याकडे सरकायचा. माझे हे म्हणायचे, "आपल्या घरची माणसं मागून शिपाई दिसतात आणि पुढून शेठजी." शाली तर विचारूच नका. एका टोकाने ती सुरुवात करायची, दुसऱ्या टोकाने मी, आणि मधे जोडायचं. शाल घडी करायला घेतली की पतंगासारखी दिसायची.

टाके मोजून जुळवता आलं असतं, नाही असं नाही. पण तिने सैल करायचं की मी घट्ट, यावर आमचं कधी एकमत झालं नाही.

भावजींच्या लग्नाच्या त्या वर्षी आम्ही दोघीच घरात राहत होतो. दोघींचे नवरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोठी ऐंशीच्या उंबरठ्यावर, मी सत्तरी ओलांडलेली. भावजी लग्नानंतर दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहायला गेले होते, म्हणजे चार घरं सोडून. मला मुलंबाळं नाहीत. मोठीचा मुलगा एकच, शिड्या. लहानपणापासून नुसता उंच वाढत गेला म्हणून शिड्या. तो दूर, बंदरावर क्रेन चालवतो. जहाजातून खोकी उचलायची आणि धक्क्यावर ठेवायची. वर केबिनमध्ये समुद्राचा वारा नुसता भाल्यासारखा घुसतो, त्यामुळे दर हिवाळ्याच्या तोंडाला त्याला नवा स्वेटर जायचा.

त्या लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात मोठी जिन्यावरून पडली. फार लागलं नाही, पण शिड्या धावत आला आणि म्हणाला, "चल आता माझ्याकडे." मोठीने तिथल्या तिथे सुया उचलून त्याच्यासमोर एक ओळ विणून दाखवली. "पडले म्हणून काय झालं? हात चालतायत ना माझे?"

शिड्या हसला. म्हणाला, "बरं. स्वेटर येतोय तोवर तू इथे. ज्या हिवाळ्यात यायचा नाही, त्या हिवाळ्यात मी येणार आणि तुला उचलून नेणार. माझं कामच उचलायचं आहे."

बोलला हसत, पण शिड्या शब्दाचा पक्का. लहानपणी एकदा म्हणाला होता की भोपळा खाणार नाही, तो आजतागायत खात नाही.

नवीसाठी आम्ही पिवळी लोकर आणली. मी माझं पोट पूर्ण केलं, डावी बाही केली, तरी मोठीची पाठ येईना. रोज विचारलं की, "होतंय गं, घाई काय आहे? ती काय उघडी बसलीय?" शेवटी एक दिवस तिने कागदाच्या पिशवीतून तुकडा माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली. मी उलगडला. मधे मधे बोट जाईल एवढी भोकं. काठ एकीकडे चढलेला, एकीकडे उतरलेला.

मी म्हटलं, "ताई, ही जाळीची वीण आहे का?"

"हो," मोठी म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "नाही."

तिने हात पुढे केले. रोज बघत होते मी ते हात, पण त्या दिवशी नीट बघितले. बोटांचे सांधे आल्याच्या गाठींसारखे झाले होते. "सुई हातात आहे की नाही, तेच कळत नाही गं," ती म्हणाली. "टाका गळतो तो खाली बघितल्यावर दिसतो."

"मग शिड्याला सांगू या की. डॉक्टर दाखवेल चांगला."

"सांग. आणि माझी पेटी भर."

"तिकडे काय वाईट आहे ताई? लिफ्ट आहे. नळाला गरम पाणी आहे."

"सगळं आहे. माणूस नाही. तो क्रेनवर, सून बँकेत, नात शिकायला बाहेरगावी. सकाळी कुलूप लावल्यासारखं घर, ते दिवेलागणीला उघडणार. मी बोलू कुणाशी?"

"टीव्ही आहे."

"टीव्ही उलट बोलतो का?"

मग ती म्हणाली, "आणि तू? तू इथे काय करशील एकटी?" हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी घराकडे बघितलं. दोन खुर्च्या, मधे लोकरीची टोपली. एक खुर्ची उचलून नेल्यावर हे कसं दिसेल, एवढंच मनात आलं. मी तो भोकांचा तुकडा घेतला आणि उसवायला लागले.

तर असं ठरलं. दोन्ही बाजू मीच करायच्या. पण पाठ दिसली पाहिजे मोठीची. नाहीतर शिड्या कशाला, भावजीसुद्धा लगेच ओळखतील. म्हणजे मला या वयात घट्ट विणायला शिकायचं होतं. मोठी शेजारी खुर्ची ओढून बसली.

"घट्ट."

"केला की घट्ट."

"याला घट्ट म्हणतात? यातून मांजर जाईल. कोपरं आत घे. खिडकीवर बसल्यासारखी बस."

"मी कधी बसले खिडकीवर?"

"आणि मी काय तुझ्या चादरी पिळल्या? कोपरं आत!"

माझी कोपरं काही आत राहीनात. सवयच नाही. तेव्हा मोठीने मला सांगून मोठा टॉवेल आणवला, माझ्या दंडांभोवती गुंडाळायला लावला आणि टोक पाठीमागे दातांनी धरून गाठ मारली. मी तशी आवळून बसलेली, हातात सुया, मोठी समोर, आणि त्याच वेळी भावजी दारात. त्यांनी आमच्याकडे बघितलं.

"मोठ्या वहिनी, यांना का बांधून ठेवलंय?"

"पळून जाते म्हणून," मोठी म्हणाली.

भावजींना सांगावंच लागलं. भावजींना सांगितलं म्हणजे नवीला सांगितलं. पण दोघंही पोटात ठेवणारी. भिंतीआडचा चहा इतकी वर्षं कुणाला कळला नव्हता.

नवीचा स्वेटर चांगला झाला, म्हणजे आमच्या हिशेबाने चांगला. मागून तंग, पुढून ढगळ, गळा डावीकडे. तिने घालून आरशात बघितलं, मान तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली. चष्म्याचा धंदा, त्यामुळे तिला कुठलीही गोष्ट नाकावर सरळ बसलेली लागते. "भिंतीवरची तसबीर वाकडी लागावी तसं वाटतंय," ती म्हणाली.

"झालीस मग तू घरची," भावजी म्हणाले.

आमची भीड चेपली. आता शिड्याचा. त्याला गर्द निळी लोकर घेतली. त्याचा स्वेटर म्हणजे काम मोठं, कारण तो काही संपतच नाही, वरच वर जातो. आधी पाठ घेतली. आठवडेच्या आठवडे मी टॉवेल बांधून बसत होते. पुढे टॉवेलाची गरज उरली नाही. कोपरं आपोआप आत जायला लागली. भाजी चिरतानासुद्धा आत. मोठी खूश. "आता आली तुझ्या हाताला शिस्त. पन्नास वर्षांपूर्वी यायला हवी होती." पाठ झाली, उजवी बाही झाली. मग मी माझं पोट घेतलं, डावी बाही घेतली, आणि थंडी पडायच्या आत सगळं पूर्ण केलं.

शिवायच्या आधी दोन्ही तुकडे पलंगावर पसरले. पाठीवर पोट ठेवलं. काठाला काठ लागला. खांद्याला खांदा लागला. दोन्ही बाह्या जुळ्या भावंडांसारख्या. मी खरंच सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मोठीला बोलावलं. तिने तळहात फिरवून बघितला, वाकून बघितला.

"बाई गं," ती म्हणाली, "अगदी एका सुतात आहे! सुधारलो की आपण!"

आम्ही त्या आनंदात जास्त साखरेचा चहा केला. दोघींच्याही डोक्यात आलं नाही. आयुष्यभर लोकांनी ज्या वाकडेपणावरून चिडवलं, तो एकदाचा गेला, याचंच अप्रूप. चांगली गोष्ट कधी अंगाशी येते, असं कुणाला वाटतं? नवीने स्वेटर दुकानातल्या चांगल्या कागदात बांधला. पत्ता दर वर्षी मोठी लिहायची. या वर्षी मी लिहिला. मला अक्षरं उशिरा आली, त्यामुळे मी ती अजून मोठी आणि सुटी काढते, एकेक टाका घातल्यासारखी. पार्सल गेलं.

शिड्याचा फोन आला तेव्हा मोठी अगदी गोड आवाजात बोलली. हे तिचं गेले काही महिने चाललं होतं. पूर्वी ती फोनवर त्याला झाडायची: वेळेवर जेवत का नाहीस, केस का कापले नाहीस, फोनवर केस कापलेले तुला काय कळतात आई, मला सगळं कळतं. हल्ली मात्र "हो बाळा", "बरं बाळा". काही उलट विचारलं आणि त्याने उलट काही विचारलं तर, म्हणून.

"मिळाला का रे बाळा स्वेटर?"

"मिळाला. घातला."

"कसा झालाय?"

मग तो म्हणाला, "नीट बसतोय, आई."

मोठीने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आवडला त्याला."

पुढच्या मंगळवारी, सकाळी मी दळण आणायला निघाले होते, तर दारात शिड्या. हातात रिकामी बॅग. अंगात निळा स्वेटर. माझी नजर त्याच्या गळ्यावर गेली. गळा मधोमध. बाह्यांवर गेली. दोन्ही बाह्या मनगटावर, एकीसारखी दुसरी. मागून-पुढून सारखा, दुकानाच्या काचेतल्या बाहुल्यासारखा. आत्ता कुठे मला कळलं, की शिकलेल्या घट्ट हाताने मी माझं पोटही घट्टच विणून ठेवलं होतं.

मोठी आतून आली. "अगं बाई, शिड्या! किती छान दिसतोयस रे!"

"हो ना?" शिड्या म्हणाला. "तेच तर."

तो आत येऊन बसला. तेवढ्यात भावजी आणि नवीही आले, त्यांना दुकानातून तो दिसला होता. शिड्या पाणी प्यायला, त्याने पेला खाली ठेवला.

"हा कुणी विणला?"

"आम्ही दोघींनी," मोठी म्हणाली. "नेहमीसारखा."

"आई, हा मला बसतो. जन्मात पहिल्यांदा तुमचा स्वेटर मला बसला. घातला आणि खाली उतरलो, तर धक्क्यावरची माणसं विचारायला लागली, काय रे, आई बरी आहे ना?"

"पण नीट बसतो यात वाईट काय?" नवी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"पत्ता काकूच्या हातचा," शिड्या म्हणाला. "आणि फोनवर मी बाळ. मी दाढी पांढरी झालेला माणूस आहे आई. तू मला या आधी बाळ कधी म्हणाली होतीस?" त्याने टोपलीतल्या सुया काढल्या आणि लोकरीच्या गुंड्यासकट तिच्या मांडीवर ठेवल्या. "चार टाके घालून दाखव. चारच."

मोठीने सुया धरल्या. लोकरीचं टोक सुईवर घ्यायला गेली. डाव्या हातातली सुई निसटली आणि फरशीवर वाजली. मी वाकले.

"राहू दे," मोठी म्हणाली. मग मान वर करून त्याला म्हणाली, "नाही जमत. केव्हापासून नाही जमत."

शिड्याने सुई उचलून टोपलीत ठेवली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रविवारची दोन तिकिटं काढलीयत. ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं," मोठी म्हणाली. "बरं बाळा."

पुढचे दिवस घरात पाहुणे गेल्यानंतरची शांतता असते तशी होती, आणि पाहुणा तर घरातच होता. शिड्या पेटी खाली काढून काय काय न्यायचं ते बघत होता. मोठी प्रत्येक गोष्टीला बरं म्हणत होती. ती शाल घेऊ का? बरं. हे भांडं लागेल का? तू म्हणशील तसं. आणि ती जितकी बरं म्हणत होती, तितका शिड्या जास्त घाबरत होता. त्याने मला स्वयंपाकघरात विचारलं, "काकू, ही अशी कधीपासून झाली?" मी म्हटलं, "तू आल्यापासून." त्याला ती थट्टा वाटली.

मला थट्टा कुठली सुचत होती? मी तर तिची खुर्ची बघायचंच टाळत होते.

शुक्रवारी दुपारी शिड्या कंटाळला. दिवसभर दांडे ओढणारे हात, त्यांना रिकामं बसवेना. उरलेली निळी लोकर टोपलीत होती, ती घेऊन तो सुयांशी खेळायला लागला. तिकीटखिडकीच्या काउंटरखाली आईच्या पायांशी बसून तो लहानपणी थोडं शिकला होता, पण शाळेतल्या पोरांनी चिडवलं तसं सोडून दिलं होतं. आता त्याने कसेबसे टाके घातले आणि एक ओळ ओढली. मोठी पलंगावर पडली होती, एक डोळा मिटून. दुसरा डोळा मात्र सुईवर.

दुसरी ओळ त्याने उलटी घ्यायच्या ठिकाणी सुलटीच घेतली. मोठी कुशीवर वळली. पुढचा टाका त्याने सुईवरून तसाच पलीकडे टाकला. मोठी उठून बसली. मग त्याने दोरा खालून घेतला.

"अरे गाढवा!" मोठी ओरडली. भिंतीवरची पाल पळाली. "दोरा वरून! वरून! खालून काय विहिरीतनं पाणी काढतोयस? सोड तो टाका. सोड म्हणते ना! आता सुई आत. आत म्हणजे आत, शेजारच्याच्या घरात नाही. आता ओढ. अरे ओढ म्हणजे कुणाचा गळा आवळायचा नाही!"

"आई, एकदम किती सांगशील?"

"एकदा सांगून कळत असतं तर आठवीत दोनदा बसला नसतास. कोपरं आत घे. एवढा मोठा घोडा झाला, कोपरं कुठे ठेवायची कळत नाही. आणि हे केस! माणसासारखे कापून घ्यायला काय होतं तुला?"

शिड्याने सुया खाली ठेवल्या. त्याला हसू फुटलं, आणि ते थांबेना. आधी मला वाटलं रडतोय. "काय झालं दात काढायला?" मोठी म्हणाली, आणि त्यावर तो आणखीच.

"तू आहेस होय अजून," तो म्हणाला. "फोनवर तू इतकं गोड बोलायचीस, मला वाटलं आता काही खरं नाही."

"गोड बोललं की संपलं माणूस?"

"तू बोललीस की संपलं."

मोठी म्हणाली, "सुया उचल. ओळ अर्धी टाकून उठायचं नसतं." आणि मग दिवे लावायची वेळ होईपर्यंत ती त्याच्या डोक्याशी बसून होती. तिचा हात एकदाही सुईला लागला नाही. नुसत्या तोंडाने तिने त्याच्याकडून वीतभर पाठ करून घेतली. घट्ट. लोखंडाच्या पत्र्यासारखी. आईचाच हात होता तो, फक्त चौपट मोठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसला. "काकू, आता खरं सांग. झेपतं तुला?"

लपवून एकदा तोंडघशी पडलो होतो, पुन्हा काय लपवायचं? मी सांगितलं. बटणं मी लावते, वेणी मी घालते, पेला भरून देत नाही, अर्धाच देते. जिना ती एकटी उतरत नाही. आंघोळीच्या वेळी मात्र माझा जीव टांगलेला असतो, कारण ती घसरली तर मला उचलता येणार नाही.

"आणि ती तुझं काय करते?"

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, ते ती ऐकते. दार वाजलं, दूध उतू चाललं, सगळं तिच्याकडून कळतं. बाजारात भाव तीच करते, मला लाज वाटते. आणि मी दुपारी झोपले तर उठवते, नाहीतर मी झोपूनच राहीन, शिड्या. मला दुसरं उठायला कारण काय आहे?"

हे शेवटचं मी बोलणार नव्हते, पण गेलं तोंडातून.

शिड्या उठला. चप्पल घालून बाहेर गेला. मला वाटलं, रागावला. दुपारी आला तो लोखंडी दांडे घेऊन आणि भावजींना घेऊन. न्हाणीघरात ठोकाठोक सुरू झाली. भावजींचा हात घड्याळांचा, ते एकेक स्क्रू चिमटीत धरून भिंग लावून बघत होते, आणि शिड्या म्हणत होता, "काका, हा दांडा आहे, त्याला वेळ दाखवायची नाहीये." संध्याकाळपर्यंत न्हाणीघरात दोन दांडे आणि जिन्याला एक असे बसले. सकाळ-संध्याकाळ मोठीला आंघोळीला आणि पायऱ्यांना हात द्यायला पलीकडच्या गल्लीतली एक नर्सबाई ठरली. ती नवीची गिऱ्हाईक होती.

जेवताना शिड्या म्हणाला, "एक तिकीट परत केलं."

मोठीचा घास हातातच राहिला. "कुणाचं?"

"माझंच करणार होतो. पण मग क्रेन कोण चालवणार?"

मोठीने घास खाल्ला. चावून चावून खाल्ला. मग म्हणाली, "भोपळ्याची भाजी वाढ गं त्याला."

"आई!"

"बघत होते, शब्दाचा पक्का आहेस का अजून."

मी उठून पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि पदर डोळ्याला लावून आले. आल्यावर मोठी म्हणाली, "पाणी कुठाय?" पाणी आणायचं मी विसरले होते.

रविवारी शिड्या गेला. बॅगेत त्याने दोन सुया आणि लोकरीचे गुंडे नेले. जहाज लागायची वाट बघत वर केबिनमध्ये रिकामं बसावं लागतं, तेव्हा विणेन म्हणाला. धक्क्यावरच्या माणसांनी चिडवलं तर? "वर चढून यावं लागेल त्यांना चिडवायला," तो म्हणाला.

आणि खरंच त्याच्या पाठी यायला लागल्या, कागदात गुंडाळून. घट्ट, आखूड, काठाला जरा वळलेल्या. मी माझी कोपरं पुन्हा मोकळी सोडली आणि पोटं करायला लागले. माझा हात मूळपदावर यायला वेळ लागला नाही. वाईट सवय माणसाची वाट बघत दारातच उभी असते. भावजींना, नवीला, शिड्याच्या लेकीला, सगळ्यांना स्वेटर झाले, आणि एकही नीट बसला नाही. दर पाठ आली की मोठी ती मांडीवर पसरून घ्यायची, तळहाताने चुका शोधायची, आणि रविवारी त्याला फोनवर झाडायची. नवी म्हणायची, चार घरं पलीकडे चष्म्याच्या काचा थरथरतात.

मोठी असे दोन हिवाळे बघून गेली. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सकाळी, घरीच. वय एक्याऐंशी. मी शेजारी होते. शिड्या दुसऱ्या दिवशी पोचला.